नागीण, पराणी आणि वाटीभर साखर

हेडफोनवरच्या फाइलमधला डॉक्टर तोंडात काहीतरी चघळत बोलत होता. इकडे पुण्यात रात्रीचा दीड वाजला होता. पायाखालचं पेडल मागे दाबत मी तोच तुकडा पाचव्यांदा ऐकला, तेव्हा कुठे शब्द सुटा झाला : हर्पीस झोस्टर. पेशंट बासष्ट वर्षांची बाई, कंबरेच्या उजव्या बाजूला पाण्याने भरलेले फोड, आग आग होतेय, रात्री झोप नाही.

टाइप करता करता मला आत्या दिसली. मी सातवीत असताना तिला नागीण झाली होती. आजी रोज सकाळी तिचं पातळ बाजूला सारून नागीण कुठवर आली ते बघायची. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, आणि आत्याला तर जरा जास्तच. तिने त्या पंधरा दिवसांत दोनदा निरवानिरवीची भाषा केली. तोंड-शेपूट जुळलं नाही. ते सहसा जुळतच नाही, कारण हा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि एक मज्जातंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो. पण हे मला त्या रात्रीपर्यंत कुठे माहीत होतं!

फाइल संपवून मी टेबलावरची जाडजूड मेडिकल डिक्शनरी उघडली. तिथे शब्दाच्या पुढे बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलेलं असायचं आणि ते वाचायची मला खोड लागली होती. हर्पीस : ग्रीक 'हेर्पेइन', म्हणजे सरपटणं. झोस्टर : ग्रीक शब्द, अर्थ कंबरपट्टा. म्हणजे कंबरेला पट्ट्यासारखं वेढत सरपटत जाणारं ते. अथेन्सच्या माणसाला आणि आमच्या आजीला एकच दृश्य दिसलं होतं.

आणि मग डोक्यात दुसरी गोष्ट पेटली. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला, स्वराच्या आधी, जुना 'स' असला की त्याचा 'ह' होतो. हे मला एम.ए.ला भाषाशास्त्राच्या पेपरात शिकवलं होतं. मार्क मिळाले आणि विसरले. 'हेर्पेइन'मधला 'ह' काढून 'स' ठेवला. सेर्प. सर्पति. सर्प.

मी हेडफोन काढून शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला हलवलं आणि म्हटलं, अगं, हर्पीस म्हणजे सर्प! ती म्हणाली, "तुझ्या किती लाइन्स झाल्या?" आम्हाला पगार ओळींवर मिळायचा.

हे 2002 सालचं. संस्कृत घेऊन एम.ए. केलेल्या मुलीला पुण्यात तेव्हा नोकरी मिळण्याची जेवढी शक्यता होती, तेवढीच आजही असेल. घरी दोन मतं होती : बी.एड. कर, किंवा लग्न कर. मधल्या फटीतून मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये शिरले. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर टेपवर बोलायचे, त्या ध्वनिफिती रातोरात इथे यायच्या आणि आमच्यासारख्या मुली त्या टाइप करून सकाळपर्यंत परत पाठवायच्या. कळलं नाही तिथे ब्लँक सोडायचा. माझ्या पहिल्या महिन्यातल्या फाइली म्हणजे ब्लँकांची रांगोळी होती.

शिकवायला एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं : शब्द पाठ करू नका, फोडा. '-आयटिस' म्हणजे दाह, '-एक्टमी' म्हणजे कापून काढणं, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड. बाकीच्या मुली बायोलॉजी केलेल्या, त्यांना शब्द तोंडपाठ होते. माझ्याकडे बायोलॉजी नव्हतं, पण संधी आणि समास सोडवायची सवय होती. पाणिनीच्या नावाने रडलेली चार वर्षं अशी एसी हॉलमध्ये फळाला येतील असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, पुढे व्यंजन असेल तर 'अ' लावायचा, स्वर असेल तर 'अन'. दोन्हींचा अर्थ नाही, शिवाय, विना. मी वहीत लिहून घ्यायचीही तसदी घेतली नाही. हा आमचा नञ् तत्पुरुष! अ-ज्ञान, पण अन्-आदर. ॲनिमियामध्ये 'अन'च्या पुढे रक्त आहे, ग्रीकमध्ये 'हायमा'. तो 'ह' इतका दुबळा की व्याकरणाने त्याला व्यंजन मानलंच नाही. ॲग्नोसिया नावाचा एक विकार आहे : डोळे धड असतात, पण मेंदूला समोरची वस्तू ओळखता येत नाही. अ-ग्नोसिस. अ-ज्ञान. इथे भाषांतर करायची गरजच नव्हती, फक्त उच्चार बदलायचा होता. रोज शंभरदा टाइप होणारा 'डायग्नोसिस'सुद्धा याच घरातला, त्यातला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञा'. आणि सरांच्या स्वतःच्या होमिओपॅथीतला 'होमो' म्हणजे 'सम'. पुन्हा तोच स आणि ह. सरांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या बॅचला ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

हा स-ह चा खेळ इराणातही झाला. आपला 'सप्त' ग्रीकांकडे 'हेप्टा' झाला आणि फारसीत 'हफ्त'. त्या हफ्तवरून सात दिवसांचा हफ्ता, आणि त्यावरून आपला हप्ता, जो आता फ्लॅटचाही असतो आणि हातगाडीवाल्याकडून वसूल होतो तोही.

सगळ्यात आवडला तो क्लिनिक. 'क्लिने' म्हणजे ग्रीकमध्ये खाट, पलंग. 'क्लिनेइन' म्हणजे कलणं, टेकणं. खाटेवर पडलेल्या रोग्याला बघायला जाणारा वैद्य तो क्लिनिकल. संस्कृतात याच धातूचा भाऊ 'श्रि', त्याचाही अर्थ टेकणं. त्यावरून आश्रय. पुढे कितीतरी दवाखान्यांच्या पाट्या वाचताना मी मनात 'अमुक अमुक आश्रय' असं वाचलं आहे. काही ठिकाणी आत गेल्यावर ते पटलं नाही.

एक मात्र सांगायला हवं, सगळ्याच साम्यांत नातं नसतं. आर्टरीचं, म्हणजे रोहिणीचं बघा. 'आर्टेरिया' हे ग्रीकांकडे आधी श्वासनलिकेचं नाव होतं. मेलेल्या शरीरात रोहिण्या रिकाम्या दिसतात, त्यामुळे त्यातूनही वाराच वाहतो असं त्यांना वाटलं आणि नाव तिकडेही चिकटलं. रोमन काळात गेलेन नावाच्या वैद्यानं त्यात रक्त असतं हे दाखवून दिलं, पण नाव बदललं नाही. आता त्यासाठीचा आपला दुसरा शब्द बघा : धमनी. 'ध्मा', म्हणजे फुंकणं. धमनी म्हणजे फुंकायची नळी, भाताही. शब्द एकमेकांचे कुणी नाहीत, पण नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात वारं एकच शिरलेलं दिसतं.

असं सगळं चालू असताना माझा भाव वधारला होता. डबा खाताना रात्री अडीच वाजता मी व्याख्यान द्यायचे. ग्लुकोज म्हणजे गूळ. थिऑलॉजीतला 'थिऑस' म्हणजे देव. मुली माना डोलवायच्या, कदाचित झोपेमुळे. पुढे एका सुट्टीत, शहाणपण करून, मी हे दोन्ही नीट तपासले आणि दोन्ही चूक निघाले. 'ग्लुकुस' म्हणजे ग्रीकमध्ये गोड खरा, पण आपला गूळ 'गुड'वरून आलेला, ज्याचा अर्थ नुसता गोळा. थिऑस आणि देव तर भाषाशास्त्राच्या वर्गात पोरांना फसवायला ठेवलेली जोडी आहे. आवाज जुळतो, अर्थ जुळतो, आणि नातं शून्य. देवाचा खरा भाऊबंद आहे झ्यूस. 'द्यौः', म्हणजे तेजस्वी आकाश, त्याचा तो ग्रीक अवतार. वैदिक 'द्यौष्पितर्' आणि रोमन 'ज्युपिटर' शेजारी ठेवले की कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आमचे एक काका आहेत, त्यांच्या मते इंग्रजीतला प्रत्येक शब्द संस्कृतातून चोरलेला आहे. माझी नोकरी कळल्यावर ते मला आपल्या पक्षातली समजले. त्यांना सर्प-हर्पीस सांगताच ते टाळी देऊन म्हणाले, "बघ! आपलाच." मी म्हटलं, काका, आपलाच नाही, दोघांचा मिळून. भाषापंडित विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघी एका आईच्या लेकी वाटतात आणि ती आई कदाचित आता नाही. काका म्हणाले, "आई नाही कशी? संस्कृतच आई." लेक म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत होता.

मलाही थोडा वाटला, नाही असं नाही. पण माझी खरी जिरली ती दुसऱ्याच शब्दाने, आणि तो ऐकायला अमेरिकेची फाइल लागली नाही.

'सेंटर' शोधत होते. ग्रीक 'केंट्रॉन' : टोक, काटा, बैलाला टोचायची पराणी. त्यावरून कंपासचा जो पाय कागदात रुतवून ठेवतात त्याचं टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. मग पुढची ओळ वाचली आणि थांबले. केंट्रॉन. केंद्र. 'केन्द्र' हा शब्द मी सहावीपासून शुद्ध संस्कृत समजत आले होते. आकाशवाणीचं पुणे केंद्र, परीक्षा केंद्र, केंद्र सरकार. तो संस्कृतात ग्रीकांकडून आलेला आहे, ज्योतिषासोबत. इथे नातं रक्ताचं नाही, उसनवारीचं आहे. एकच ग्रीक पराणी, लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत सेंटर झाली आणि ज्योतिषांच्या पोथ्यांतून आपल्याकडे केंद्र.

परकीय शब्द निवडून निवडून बाहेर काढणाऱ्यांनी 'सेंटर' हाकललं आणि जागेवर 'केंद्र' बसवलं, म्हणजे पुढच्या दाराने गेलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला. 'टेलिफोन'चा 'दूरध्वनी' करणं निदान प्रामाणिक होतं : 'टेले' दूर, 'फोने' ध्वनी, शब्दाला शब्द. ज्यांनी तो केला त्यांना ग्रीक फोड ठाऊक असावी असं मला नेहमी वाटतं.

केंद्र एकटं नाही. 'होरा' ग्रीक, 'हॉरा'वरून. इंग्रजी अवर आणि हॉरोस्कोप त्याचेच. ज्योतिषी वराहमिहिरानं सहाव्या शतकात लिहून ठेवलंय की काहींच्या मते 'अहोरात्र'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो. म्हणजे आमच्या काकांची परंपरा बरीच जुनी आहे. पण त्याच वराहमिहिरानं हेही म्हटलंय की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट मांडलेलं आहे आणि म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस इतक्या सहज उसनवारी कबूल करतो, ते वाचून मला बरं वाटलं.

मग मी मराठीतच शोधायला लागले. सुरुंग! ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे पोकळ नळी, बासरी. संस्कृतात ती 'सुरुङ्गा' होऊन आली, अर्थ भुयार. मराठीत भुयारात दारू ठासून बुरूज उडवायला लागले, तेव्हा सुरुंग म्हणजे स्फोटच झाला. तिकडे तीच नळी इंग्रजीत सिरिंज झाली. दंडाला सुई टोचणारी नर्स आणि तटाला भोक पाडणारा सुरुंगवाला एकाच नळीचे मानकरी. अफू : ग्रीक 'ओपिऑन', अरबीत 'अफ्यून'. आपल्या पंडितांनी तिला 'अहिफेन' असं भारदस्त नाव दिलं, सापाचा फेस, पण तो नंतरचा साज. दाम : 'द्राख्मा'चा द्रम्म, त्याचा दाम. फाणस, 'फानोस'वरून. आणि कलम. 'कालामोस' म्हणजे बोरू, लव्हाळ्याची काडी. अरबांनी त्याचा 'कलम' केला आणि आपण त्यावर कायद्याचं कलम, आंब्याचं कलम असं काय काय बांधलं. त्याच बोरूची लॅटिन दौत इटालियनमधून इंग्रजीत 'कॅलमारी' झाली. माकुल. अंगात शाई बाळगणारा मासा. कोकणातल्या कलमी आंब्याखाली बसून माकुल तळून खाणाऱ्याच्या पानात आणि डोक्यावर एकच बोरू आहे.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी विषय बदलला. म्हणून मग मी उलट बाजूची यादी काढली. वाड्यात आमच्याकडे एक रीत होती : शेजारणीकडून वाटीभर काही आणलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. आपली वाटी तिकडे काय काय घेऊन गेली? पिप्पली गेली, ग्रीकमध्ये 'पेपेरी' झाली, इंग्रजीत पेपर. गंमत म्हणजे गेली पिंपळी आणि नाव पडलं मिऱ्यांना. शृंगवेर, म्हणजे आलं, पालीत 'सिंगिवेर', ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस', इंग्रजीत जिंजर. शर्करेचं 'साखारॉन' झालं. इंग्रजी शुगर मात्र अरबांच्या हातून पोचली, सॅकरीन ग्रीकांच्या. वैडूर्याचा 'बेरिल्लोस' झाला, आणि जर्मन लोक आजही चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात तो त्यावरूनच, कारण जुन्या काळी स्फटिकाची भिंगं घासायचे. वाटीभर साखर शेजारी गेली म्हणतात ती अशी खरोखरच गेली होती.

ही देवघेव कुठे झाली असेल, याची उत्तरं मी उगाच अलेक्झांड्रियाच्या बाजूला शोधत होते. ती लोणावळ्याजवळ होती. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत आणि त्यात धेनुकाकट इथले यवन आहेत. यवन म्हणजे 'आयोनिया'चे, ग्रीक जगातले. नावं मात्र आपल्याकडची घेतलेली, आणि दान बौद्ध भिक्षूंना. आम्ही शाळेच्या सहलीला तिथे गेलो होतो. मी त्याच खांबांना टेकून चिवडा खाल्ला होता.

आणि पहिल्या शतकातलं एक ग्रीक पुस्तक आहे, 'पेरिप्लुस'. खलाशी-व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं, कुठल्या बंदरात काय मिळतं आणि काय खपतं. त्यात कल्याण आहे. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठण' आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर', म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. तिथला माल वाटा नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरायचा. तेरचं सुती कापड. आणि पैठणहून ऑनिक्स, तो पट्ट्यापट्ट्यांचा गोमेदासारखा दगड.

ऑनिक्स. ग्रीकमध्ये 'ओनिक्स' म्हणजे नख. दगडाचा रंग आणि झिलई नखासारखी, म्हणून ते नाव. आणि ओनिक्सचा सख्खा चुलत भाऊ, रक्ताचा, संस्कृत 'नख'. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले. पैठणच्या बाजारात गाडीत दगड भरणारा हमाल त्याला काय म्हणत असेल कोण जाणे. भडोचच्या धक्क्यावर उभा असलेला ग्रीक त्याला 'नख' म्हणत होता, आणि दोघांनाही कळलं नसणार की हा शब्द आपला दोघांचा आहे.

ट्रान्सक्रिप्शन मी पाच वर्षांनी सोडलं. सोडायच्या आधी एक फाइल परत आली होती. मी 'डिस्फेजिया'च्या जागी 'डिस्फेशिया' लिहिलं होतं. 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', दुष्कर, दुर्गम मधला. पुढचा 'फेज' म्हणजे खाणं, 'फेश' म्हणजे बोलणं. ज्या माणसाला घास गिळता येत नव्हता, त्याला मी कागदोपत्री मुका केलं होतं. क्यूएच्या, म्हणजे आमच्या फाइली तपासणाऱ्या बाईंनी लाल रंगात एवढंच लिहिलं होतं : अर्थ बघा. ग्रीकमधला 'फाग' हा मूळचा वाटणं, वाट्याला येणं अशा अर्थाचा, आपल्या 'भाग'चा भाऊ. ज्याच्या वाट्याला जे येतं ते तो खातो. फोडायचे शब्द मी हौसेने फोडत होते, पण त्या दिवशी घाईत होते. ओळी भरायच्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात आईच्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून जाड झालं. मी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, केसपेपरवर एक लांबलचक शब्द लिहिला आणि गोळ्या दिल्या. बाहेर येऊन रिक्षा बघतोय तोवर आईने चष्मा लावून तो शब्द वाचायचा प्रयत्न केला, दोनदा, आणि तिचा चेहरा उतरला.

"खरं सांग. कॅन्सर आहे का?"

मी कागद घेतला. ऑनिकोमायकोसिस. ऑनिक्स, आणि 'मायकेस', म्हणजे अळंबी, बुरशी.

"आई, याचा अर्थ नखाला बुरशी."

"एवढंच?"

"एवढंच. 'नख' पण तोच आहे, आपलाच."

ती वाकून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग चष्मा काढून डबीत ठेवत म्हणाली, "हे तर मी तुला दिवाळीतच सांगितलं होतं."